स्विचग्रास आडवं का पडतं आणि ते उभं कसं ठेवायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तीन वर्षांपूर्वी लॉनच्या कडेला, किंचित उताराच्या पट्ट्यात तुम्ही स्विचग्रास या उंच, शोभेच्या गवताची चाळीसेक रोपं लावलीत. पहिल्या वर्षी फारशी वाढ दिसली नाही. दुसऱ्या वर्षी पट्टा देखणा झाला. तिसऱ्या वर्षी तुरे निसवले आणि पहिल्याच जोरदार पावसात निम्मे ठोंब लोळले. पट्ट्याच्या एका टोकाला मोठं झाड आहे, त्याच्या सावलीतले ठोंब तर पावसाच्या आधीपासूनच कलले होते. दोन-तीन ठोंबांच्या मधोमध पोकळी पडली आहे. लॉनला जे खत आणि स्प्रिंकलरचं जे पाणी मिळतं, तेच या पट्ट्यालाही मिळतं. दरवर्षी पानं पिवळी पडू लागली की तुम्ही सगळं जमिनीलगत कापून टाकता. आता खत वाढवू का, की सगळं उपटून दुसरं काही लावू, असं विचारलं आहे.

उपटू नका. आणि खत वाढवायचं तर नाहीच, आहे तेही आजपासून बंद करा. तुमच्या वर्णनातच सगळी कारणं आली आहेत: लॉनचं खत, रोजचं वरवरचं पाणी, एका टोकाची सावली आणि चुकीच्या वेळची कापणी. गवत उपाशी नाही, त्याला जास्त झालं आहे.

हे का होतं ते समजायला या गवताचं मूळ घर पाहावं लागतं. स्विचग्रास म्हणजे पॅनिकम व्हिरगॅटम. वरी ज्या पॅनिकम प्रजातीतली, त्याच प्रजातीतलं हे बहुवर्षायू गवत. वरीचं पीक ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या गवताचा मोकळा, धुक्यासारखा तुरा लगेच ओळखीचा वाटेल. कॅनडाच्या दक्षिण भागापासून मेक्सिकोपर्यंत ते नैसर्गिकपणे वाढतं, आणि उत्तर अमेरिकेच्या उंच गवताच्या प्रेअरीतल्या, म्हणजे विस्तीर्ण गवताळ मैदानांतल्या, प्रमुख गवतांपैकी ते एक आहे. तिथली माती निकस नसते, उलट बरीच कसदार असते. पण त्या मातीतलं नत्र सेंद्रिय पदार्थांत अडकलेलं असतं, हळूहळू सुटतं, आणि जे सुटतं ते वाटून घ्यायला खांद्याला खांदा लावून शेकडो शेजारी उभे असतात. डोक्यावर दिवसभर ऊन. वारा आला तर एकमेकांचा आधार. मुळं मात्र खाली तीन मीटरपर्यंत गेलेली. अशा जागी घडलेल्या गवताला आपण लॉनशेजारी ऐसपैस जागेत एकेकटं उभं करतो, वरून नत्र आणि पाणी देतो, आणि ते कोसळलं की त्याला आणखी पोसायला निघतो.

लॉनच्या खतात बहुतेक वेळा नत्रच सगळ्यात जास्त असतं, कारण लॉनमध्ये आपल्याला पानंच हवी असतात. तेच नत्र स्विचग्रासला मिळालं की काड्या झपाट्याने लांबतात, पण त्यांच्या भिंती जाड व्हायला वेळ मिळत नाही. काडी उंच आणि मऊ, वर भरघोस तुरा. कोरड्या हवेत हे निभावून जातं. पाऊस आला की तुऱ्याच्या प्रत्येक बारीक फांदीवर थेंब अडकतो, वरचं वजन अचानक वाढतं आणि काडी बुडापासून वाकते. भात, गहू, ज्वारी लोळते त्याचं हेच गणित आहे. ज्यांनी शेतात जास्त युरियाने लोळलेलं पीक पाहिलं आहे, त्यांना वेगळं सांगायला नको.

पाण्याचा भाग याला जोडूनच येतो. स्प्रिंकलर रोज थोडं थोडं पाणी वरच्या चार बोटं मातीत देतो. लॉनला ते चालतं. स्विचग्रासची मुळं मात्र पाणी वर मिळालं की वरच घुटमळतात. ज्या गवताची ताकदच खोल मुळांत आहे, त्याला खोल जायचं कारणच आपण ठेवत नाही. शिवाय संध्याकाळी ओली झालेली पानं रात्रभर ओली राहतात आणि तांबेऱ्याला आमंत्रण मिळतं.

मी स्वतः हे एका मोठ्या कामात शिकले. एका संस्थेच्या आवारातल्या उतारावर स्विचग्रासचे लांब पट्टे लावायचे होते. मला काम उत्तम करायचं होतं, म्हणून सगळ्या पट्ट्यात चांगलं चार बोटं कंपोस्ट मिसळलं, वर हळू सुटणारं खतही दिलं. दुसऱ्या वर्षी गवत माणसाच्या डोक्यावर गेलं आणि तुरे आल्यावर दोन पावसांत अख्खा उतार झोपला. बारा रोपं उरली होती. ती मी मागच्या बाजूला, बांधकामाचा राडारोडा आणि खडी पसरलेल्या जागेत नुसती खोचून ठेवली होती, नंतर कुठेतरी न्यायची म्हणून. त्यांना मी पहिल्या उन्हाळ्यानंतर पाणीही दिलं नाही. ती बारा रोपं छातीइतकी उंच झाली, सरळ, दाट, निळसर, आणि त्याच दोन पावसांत त्यांचा एकही ठोंब कलला नाही. वाण तोच, नर्सरी तीच, लागवडीचा आठवडा तोच. त्यानंतर स्विचग्रासच्या खड्ड्यात मी कधीही खत टाकलेलं नाही. माती अगदीच मेलेली असेल, दाबून दगड झालेली असेल, तर ती फोडते, मोकळी करते. पोसत नाही.

आता तुमच्या पट्ट्याचं बोलू.

या हंगामात लोळलेले ठोंब हिरवे असताना बुडापासून कापू नका. पानं अजून मुळांसाठी अन्न करत आहेत. पायवाटेवर येणारे ठोंब तेवढे सुतळीने बांधा, पण सुतळी खालच्या एक-तृतीयांश उंचीवर आणि सैल. वर घट्ट बांधलं की केरसुणीची मोळी दिसते. बाकीचे आहेत तसे राहू द्या. लॉनला खत टाकताना पट्ट्यापासून दोन हात अंतर सोडा. उतार लॉनकडून पट्ट्याकडे येत असेल तर अंतर आणखी वाढवा, कारण पाण्याबरोबर खतही वाहत येतं. स्प्रिंकलरचं तोंड फिरवा, किंवा पट्ट्याकडचं तोंड बंद करा. तीन वर्षांच्या ठोंबाला, पाऊस बराच काळ ओढ देत नसेल तर, वेगळ्या पाण्याची गरज नाही. ओढ दिलीच तर एकदा भरपूर द्या, पाणी वीतभर तरी खाली मुरलं पाहिजे, आणि मग माती वरून पूर्ण सुकेपर्यंत थांबा.

मातीत साठलेलं नत्र एका हंगामात संपत नाही. पुढच्या वर्षीही काही ठोंब लोळण्याची शक्यता आहे. त्यासाठी एक जुना उपाय उपयोगी पडतो: उन्हाळ्याच्या सुरुवातीला, गवत गुडघ्याच्या वर आलं की शेंड्याकडून एक-तृतीयांश छाटायचं. काड्या थोड्या बुटक्या राहतात, तुरे थोडे उशिरा येतात, पण ठोंब आवरलेला राहतो. इथे वेळ महत्त्वाची आहे. गवताचा वाढीचा कोंब सुरुवातीला जमिनीलगत असतो, नंतर काडीबरोबर वर सरकतो आणि त्यातूनच तुरा निघतो. म्हणून छाटण्याआधी एक फुटवा बोटांत धरून बुडापासून वर चाचपून पाहा. पेरं खाली लागत असतील आणि वरचा भाग नुसता पानांचा, मऊ असेल तर छाटा. पेरं तुमच्या कात्रीच्या उंचीवर आली असतील तर थांबा, कारण त्या फुटव्याचा तुरा तुम्ही कापून टाकाल. गवत पोटरीत आल्यावर, म्हणजे तुरा पानाच्या आवरणात फुगू लागल्यावर, तर कात्री लावूच नका. हा उपाय मी कायमचा मानत नाही. नत्र उतरेपर्यंत एखादं वर्ष, फार तर दोन.

झाडाच्या सावलीतल्या ठोंबांना मात्र कुठलाही उपाय लागू नाही. स्विचग्रासला रोज निदान सहा तास थेट ऊन लागतं, आणि सहा तासांवर ते जगतं, आठ तासांवर शोभतं. सावलीत काड्या उजेडाकडे ताणल्या जातात, फुटवे कमी येतात, वाणाचा रंगही उतरतो. झाड दरवर्षी पसरणार, सावली वाढणार. तिथले ठोंब वसंतात काढून उन्हातल्या रिकाम्या जागी लावा. त्या टोकाला गवतच हवं असेल तर चॅस्मँथियम लॅटिफोलियम पाहा. अर्ध्या सावलीत ते मजेत राहतं, आणि त्याच्या चपट्या, लोंबत्या लोंब्या वाऱ्यावर हलताना फार सुंदर दिसतात. बी पडून त्याची रोपं बरीच उगवतात, तेवढी खुरपून काढायची तयारी ठेवा. खोल सावली असेल तर सेजकडे, म्हणजे केरेक्स प्रजातीकडे वळा.

मधल्या पोकळीचा प्रश्न वेगळा आहे. स्विचग्रास आखूड काशांनी, म्हणजे जमिनीखालच्या आडव्या खोडांनी, बाहेरच्या बाजूला सरकत वाढतं, त्यामुळे जुन्या ठोंबाचं मध्य थकणं स्वाभाविक आहे. पण तीन वर्षं हे वय थकण्याचं नाही. इतक्या लवकर पोकळी पडली तर मी दोन गोष्टी तपासते. रोप खोल लावलं गेलं का, किंवा आच्छादनाचा ढीग ठोंबाच्या पोटावर चढला आहे का. बोटाने माती उकरून पाहा: फुटवे जिथून निघतात ती जागा मातीच्या पातळीला असायला हवी, भारी मातीत तर किंचित वर. ती दोन-तीन बोटं गाडली गेली असेल तर कारण सापडलं. दुसरी शंका तुमच्या कापणीवर येते. पानं पिवळी होताच जमिनीलगत कापलं की पोकळ खोडक्या उघड्या पडतात, त्यांत पाणी उतरतं आणि ठोंबाचं पोट थंडी-ओलाव्यात कुजतं. वाळलेली काडी हे त्या ठोंबाचं छप्पर असतं.

म्हणून कापणी हिवाळ्याच्या शेवटी. थंडी ओसरायला लागली, बुडाशी नवे कोंब अजून टोकदार झाले नाहीत, ती वेळ. जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे गवत पूर्ण वाळेलच असं नाही, तिथे तारखेवर विसंबू नका, दर आठवड्याला ठोंबाच्या बुडाशी पाहा आणि पहिला हिरवा कोंब दिसायच्या आत कापा. आधी ठोंब कमरेला दोरीने आवळून घ्या, मग विळ्याने किंवा हेज कापायच्या कात्रीने खालून कापा, सगळी मोळी एकाच वेळी हातात येते आणि बागभर काडी-कचरा होत नाही. हातमोजे आणि लांब बाह्यांचा सदरा असावा. पात्याची कड धारदार असते. चार-सहा बोटं खोडकी ठेवा. अगदी जमिनीला टेकवून कापण्यात काही मिळत नाही, कोंब दुखावण्याचा धोका तेवढा वाढतो.

हिवाळाभर काड्या उभ्या ठेवण्याचा दुसरा लाभ म्हणजे ते दृश्य. सोनेरी, पुढे पिकल्या बांबूच्या रंगाच्या काड्या, त्यांवर दव किंवा बर्फ, तळाशी बी टिपणारे पक्षी. बाग सगळी झोपलेली असताना एवढं एकच काही उभं असतं. ते पिवळं पडलं म्हणून कापायची घाई करणारे अर्धं गवत वाया घालवतात, असं माझं ठाम मत आहे.

ठोंब फोडायची वेळही वसंतातलीच, कोंब बोटभर वर आल्यावर. स्विचग्रास उन्हाळी गवत आहे, माती तापली की त्याची मुळं धावतात. हिवाळ्याच्या तोंडावर फोडलेल्या तुकड्याला मुळं धरायला ऊबच मिळत नाही, आणि तो मातीत पडून कुजतो. आदल्या दिवशी पाणी द्या, दुसऱ्या दिवशी माती वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी, असेल. ठोंबाभोवती कुदळीने गोल चर मारा, पहारेने उचला. मुळांचा गड्डा जड आणि चिवट असतो, हाताने सुटत नाही. जुनी करवत किंवा धारदार फावडं घ्या. मधला मेलेला भाग टाकून द्या, बाहेरच्या कडेचे मुठीएवढे तुकडे करा, प्रत्येकात पाच-सहा तरी जिवंत कोंब हवेत. मुळं उन्हात पडू देऊ नका, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा आणि त्याच दिवशी लावा. याहून लहान तुकडे जगतात, पण ठोंब भरायला एक वर्ष जास्त घेतात.

लावताना खड्डा गड्ड्याइतकाच खोल, रुंदीला दुप्पट. कुंडीतून आलेल्या रोपाची मुळं गोल फिरलेली असतील तर बाजूने तीन-चार चिरा द्या. अंतर वाणावर ठरतं: बुटक्याला साठ सेंटिमीटर, उंचाला पाऊण ते एक मीटर. मी थोडं जवळच लावते, म्हणजे तिसऱ्या वर्षी ठोंब एकमेकांना टेकतात आणि वाऱ्यात आधार मिळतो. फार जवळ केलं तर हवा खेळत नाही, तांबेरा येतो. पहिला उन्हाळा मात्र पाण्याचा आळस नको. आठवड्यातून एकदा, हलक्या मातीत दोनदा, पण मुरेल असं. त्या वर्षी वर काही दिसत नाही म्हणून लोक घाबरतात. तुम्हालाही पहिल्या वर्षी तेच वाटलं होतं. ते वर्ष मुळांचं असतं. त्या वर्षी तण मात्र काढत राहा, विशेषतः हरळी. ती एकदा ठोंबाच्या पोटात शिरली की दोघांच्या काशा अशा गुंततात की ठोंब उचलून धुतल्याशिवाय सुटत नाहीत.

माती कशी हवी, याचं उत्तर सोपं आहे: जवळपास कोणतीही. वाळू, मुरूम, चिकण, काही काळ पाणी साचणारी जागा, रस्त्याकडेची खारट माती, सगळीकडे हे गवत तग धरतं. पावसाचं पाणी जिरवण्यासाठी केलेल्या खळग्यात, जिथे कधी तळं तर कधी भेगा, तिथे इतकं भरवशाचं दुसरं गवत मी फारसं वापरलेलं नाही.

काटकपणाबद्दल मात्र एक बारकावा आहे, आणि नर्सरीत तो सहसा सांगितला जात नाही. बहुतेक वाण उणे २९ अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी सोसतात, काही त्याच्याही खाली. पण थंडी सोसणं वेगळं आणि त्या जागी नीट वाढणं वेगळं. स्विचग्रास दिवसाच्या लांबीवर चालतं. दिवस लहान होऊ लागले की ते तुऱ्यावर येतं. त्यामुळे उत्तरेकडच्या, थंड प्रदेशातल्या मूळ रोपांपासून आलेला वाण विषुववृत्ताच्या दिशेला आणला तर लवकर निसवतो आणि बुटका राहतो. उलट दक्षिणेकडचा वाण उत्तरेला नेला तर बराच काळ नुसता वाढत राहतो, जास्त उंच होतो, तुरा उशिरा आणतो आणि कडक थंडीत मरूही शकतो. यात दोन ढोबळ गटही आहेत. सखल, ओलसर जागांतला गट उंच, जाड काडीचा, मोठ्या ठोंबाचा. उंचवट्यावरच्या कोरड्या जागांतला गट बारीक काडीचा, आटोपशीर. म्हणून वाण निवडताना फोटोपेक्षा तो कुठल्या मुलखातून आला, हे आधी विचारा. तुमच्याएवढ्याच अक्षांशावर आणि तुमच्यासारख्याच पावसात कुणी तो वाढवला असेल तर त्याच्या शब्दाला चिठ्ठीवरच्या माहितीपेक्षा जास्त किंमत द्या.

तुम्ही वाणाचं नाव लिहिलेलं नाही. लोळण्याच्या बाबतीत वाणावाणांत खूप फरक असतो. ‘नॉर्थविंड’ हा सगळ्यात ताठ. रॉय डिब्लिक यांनी इलिनॉय राज्यात रेल्वे रुळांकडेच्या जंगली गवताचं बी गोळा करून त्यातून तो निवडला, आणि २०१४ साली अमेरिकेतल्या पेरेनिअल प्लांट असोसिएशनने त्याला वर्षाची वनस्पती म्हणून गौरवलं. पातं रुंद, ऑलिव्ह-निळसर, ठोंब खांबासारखा, उंची दीड ते पावणेदोन मीटर. ‘हेवी मेटल’ धातूसारखा निळा, थोडा बुटका. पावसाने कलला तरी सुकल्यावर बहुधा पुन्हा उभा राहतो. ‘शेनँडोआ’ हा लालीसाठी घ्यायचा. जर्मनीत हान्स सायमन यांनी ‘हेन्झे हर्म्स’ या जुन्या वाणाच्या शेकडो रोपांतून तो निवडला. उन्हाळ्यातच पात्यांची टोकं वाइनच्या रंगाची होऊ लागतात. वाढ मात्र सावकाश, पहिल्या दोन वर्षांत धीर लागतो. ‘क्लाउड नाइन’ दोन मीटरच्या वर जातो, तो मागच्या रांगेत. ‘प्रेअरी स्काय’चा निळा रंग मन ओढून घेतो, पण कसदार मातीत तो हमखास लोळतो. तुमच्या पट्ट्यात तोच निघाला तर मला नवल वाटणार नाही. तसं असेल तर खत-पाणी थांबवल्यावर त्याला एक-दोन वर्षं द्या, आणि तरीही लोळला तर त्या जागी ‘नॉर्थविंड’ लावा. लहान जागेला ‘केप ब्रीझ’, पाऊण मीटरच्या आसपास राहणारा.

वाण हवा असेल तर फोडलेला ठोंबच घ्यावा लागतो. बियांपासून आलेलं रोप आईसारखं होत नाही. ताज्या बियाला सुप्तावस्थाही असते, थंड ओलाव्यात काही आठवडे ठेवल्याशिवाय बरंच बी उगवत नाही. उतारावर धूप थांबवायला मोठं क्षेत्र पेरायचं असेल तर बी ठीक आहे. नजरेसमोरच्या पट्ट्याला ठोंब.

रोगांत तांबेरा तेवढा लक्षात ठेवा. उन्हाळा सरता सरता पात्यांवर नारिंगी-तपकिरी पुळ्या येतात, बोट फिरवलं की पूड लागते. ठोंब मरत नाही, पण निळा रंग मळकट होतो. फवारणी मी करत नाही. पानावरचं पाणी थांबवलं, दाटी मोडली आणि हिवाळ्याअखेर कापलेल्या रोगट काड्या पट्ट्यातून बाहेर नेल्या की पुढच्या वर्षी बराच फरक पडतो. आच्छादन घालायचं तर पातळ, बारीक खडीचं किंवा गवताच्याच चिरलेल्या निरोगी काड्यांचं, आणि ठोंबापासून चार बोटं दूर.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पट्टा पुन्हा मांडणारच आहात तर सांगते. या गवताचं सौंदर्य उजेडात आहे. पाहणारा आणि सूर्य यांच्या मध्ये गवत आलं तर तुऱ्याचा कण न् कण पेटतो. सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असेल तर तोच तुरा करडा धूर दिसतो. तुम्ही ज्या खिडकीतून किंवा बाकावरून हा पट्टा पाहता तिथे सकाळी आणि संध्याकाळी उभे राहा, ऊन कुठून येतं ते बघा, आणि ठोंब हलवायचेच आहेत तर त्या रेषेत लावा. मागे गर्द हिरवं कुंपण असेल तर फारच उत्तम. पांढऱ्या भिंतीपुढे तुरा विरून जातो. एकेकटा ठोंब इथे-तिथे ठेवण्यापेक्षा सात-नऊचा पुंजका करा आणि तोच पुढे पुन्हा येऊ द्या. मधल्या जागेत एकिनेशिया, रुडबेकिया, अ‍ॅस्टर यांच्यासारखी थोड्या खतावर राहणारी फुलझाडं घाला. त्यांचं आणि गवताचं खाणं-पिणं सारखं असल्यामुळे एकाची काळजी दुसऱ्याला मारत नाही. वसंतात हे गवत उशिरा जागं होतं, शेजारची थंडीप्रिय गवतं हातभर झाली तरी इथे नुसत्या खोडक्या दिसतात. त्या रिकाम्या महिन्या-दीड महिन्यासाठी ठोंबांमध्ये डॅफोडिलसारखे कंद लावा. त्यांची फुलं संपून पानं पिवळी पडतात तेव्हाच गवत वर येऊन ती झाकून टाकतं. आणि त्या काळात ठोंब मेला असं समजून उकरू नका. ही चूक मी खूप बागांत पाहिली आहे. माती तापून तीन-चार आठवडे झाले आणि तरी कोंब नाही, तेव्हा शंका घ्या.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. घरी घोडे, शेळ्या किंवा मेंढ्या असतील तर हे गवत त्यांच्या तोंडी लागेल असं लावू नका आणि कापलेल्या काड्याही त्यांच्यापुढे टाकू नका. त्यातल्या सॅपोनिन नावाच्या घटकांनी त्यांच्या यकृताला इजा होते आणि मग उन्हाने कातडी भाजल्यासारखी होते. दुसरी आगीची. हिवाळाभर उभी राहणारी वाळकी काडी हे सरपण आहे. लाकडी भिंत, गॅसची टाकी, शेकोटीची जागा यांच्यापासून पट्टा चांगला लांब हवा. वणव्याच्या मुलखात राहत असाल तर वाळल्याबरोबर कापा, तिथे हिवाळ्यातल्या शोभेचा मोह सोडा, आणि खोडकी थोडी उंच ठेवून ठोंबाचं पोट वाचवा.

उत्तर अमेरिकेबाहेर राहत असाल तर लागवड वाढवण्याआधी तुमच्या भागातल्या आक्रमक वनस्पतींच्या यादीत हे नाव आहे का ते पाहा, आणि ओढ्याकाठी किंवा मोकळ्या गवताळ रानाला लागून लावायचं टाळा. बागेत त्याचं बी पडतं, रोपं उगवतात, पण आवरता येण्याजोगी. वसंतात खुरपणी करताना जुन्या ठोंबापासून हातभर अंतरावर बारीक, निळसर पातं दिसलं तर ते बियाचं रोप समजा. ते वाणासारखं निघणार नाही, आणि ठोंबाला चिकटून वाढलं तर पुढे दोन्ही वेगळे करता येत नाहीत. कोवळं आहे तोवर, माती वाफशावर असताना, मुळासकट उपटा.